ताऱ्यांवर आणि ताऱ्यांत

मे महिन्याच्या अखेरीस रात्री दहा-अकराच्या सुमारास गच्चीवर गेले, तर अगदी डोक्यावर एक ठळक, नारिंगी झाक असलेला तारा दिसतो. तो स्वाती. स्वातीच्या पावसाचा थेंब शिंपल्यात पडला की त्याचा मोती होतो, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण स्वाती म्हातारा आहे, हे आपल्याला कुणी सांगितलेले नसते. त्याचे वस्तुमान आपल्या सूर्याएवढेच, किंचित अधिक. मात्र व्यास सूर्याच्या सुमारे पंचवीसपट! पुढेमागे आपला सूर्यही असाच फुगणार आहे. ताऱ्याने म्हातारे व्हायचे म्हणजे नेमके काय व्हायचे? त्याच्या पोटात काय बदलते? या प्रश्नाचे आज जे उत्तर दिले जाते, त्याच्या मुळाशी पंचवीस वर्षांच्या एका मुलीने १९२५ साली लिहिलेला प्रबंध आहे. आणि त्या प्रबंधात, नेमके सर्वांत मोठ्या शोधापाशी, तिच्याच हातचे एक वाक्य आहे, की हा आकडा बहुधा खरा नसावा.

मी इतिहासाची विद्यार्थिनी. गणिताशी माझा संबंध दहावीलाच सुटला. तरीही या वाक्याने मला पुरते पछाडले, म्हणून हा लेखनप्रपंच.

सेसिलिया पेन हिचा जन्म १० मे १९०० रोजी इंग्लंडमधील वेंडोव्हर या गावी झाला. वडील बॅरिस्टर, इतिहासाचे लेखक आणि संगीताचे जाणकार. ती चार वर्षांची असताना ते वारले आणि तीन मुलांचा भार आईवर पडला. लंडनच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये संगीतकार गुस्ताव्ह होल्स्ट शिकवीत असत. या मुलीने संगीतातच पुढे जावे असे त्यांचे मत होते. तिने ऐकले नाही हे आपले भाग्य. १९१९ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ती केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात आली. विषय वनस्पतिशास्त्र, पदार्थविज्ञान आणि रसायन.

त्याच वर्षी २९ मे रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेण्यासाठी आर्थर एडिंग्टन आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर जाऊन आले होते. ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळून येताना आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताप्रमाणे वाकतो, हे त्यांच्या छायाचित्रांनी दाखवले. त्यावर केंब्रिजमध्ये त्यांचे व्याख्यान झाले. न्यूनहॅमच्या वाट्याला चार तिकिटे आली होती. सेसिलियाच्या एका मैत्रिणीला जाता येईना, म्हणून ते तिकीट हिला मिळाले. खोलीवर परतल्यावर तिने सगळे व्याख्यान जवळजवळ शब्दशः उतरवून काढले आणि पुढच्या तीन रात्री तिला झोप आली नाही. वनस्पतिशास्त्र सुटले. एका योगायोगाच्या तिकिटावर पुढचे केवढे शास्त्र उभे राहिले, याचा विचार केला की मला तरी चमत्कारिक वाटते.

पदार्थविज्ञानाच्या वर्गात रदरफर्डची व्याख्याने असत. मुलींनी पहिल्या बाकावर बसायचे असा नियम, आणि त्या वर्गात मुलगी ही एकटीच. रदरफर्डसाहेब रोज तिच्याकडे रोखून पाहून आधी स्त्रियांना आणि मग सद्गृहस्थांना संबोधून तासाला सुरुवात करीत आणि मागची मुले पाय आपटून हसत. (हे वाचताना आमच्या वर्गातल्या मागच्या बाकांची आठवण झाली, पण ते असो.) एडिंग्टन मात्र वेगळे निघाले. वेधशाळेत भेटून आपल्याला खगोलशास्त्रज्ञ व्हायचे आहे असे तिने सांगितले, तेव्हा ओलांडताच येणार नाही अशी अडचण आपल्याला त्यात दिसत नाही, एवढेच ते म्हणाले. तिला तेवढे पुरले.

अडचणी अर्थातच होत्या. केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना शिकू देई, परीक्षेला बसू देई, पण पदवी देत नसे. ती द्यायला १९४८ साल उजाडावे लागले. शाळेत शिक्षिका होण्यापलीकडे इंग्लंडमध्ये मार्ग दिसत नव्हता. तेवढ्यात अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेचे संचालक हार्लो शॅप्ली यांचे लंडनला व्याख्यान झाले. तिने त्यांना गाठले, आणि १९२३ मध्ये एका छोट्या शिष्यवृत्तीवर ती अटलांटिक ओलांडून गेली.

हार्वर्डच्या वेधशाळेत त्या वेळी काचांचे राज्य होते. दुर्बिणीला कॅमेरा जोडून काचेच्या पट्ट्यांवर घेतलेली आकाशाची छायाचित्रे! आज तो संग्रह पाच लाखांवर गेलेला आहे. त्या काचा तपासण्याचे काम स्त्रिया करीत, कारण त्या कमी पगारावर मिळत. त्यांतली विल्यमिना फ्लेमिंग ही आधी संचालकांच्या घरची मोलकरीण होती, आणि पुढे तिने ताऱ्यांची वर्गवारी केली. ॲनी कॅनन यांना ऐकू फारच कमी येई. त्यांनी एकटीने साडेतीन लाखांच्या आसपास तारे वर्णपट पाहून वेगवेगळ्या वर्गांत लावले. हे सारे दप्तर सेसिलियापुढे आयते मांडलेले होते. त्याचा अर्थ लावणे बाकी होते.

ताऱ्याचा प्रकाश लोलकातून नेला की रंगांचा पट्टा दिसतो, आणि त्यावर बारीक काळ्या रेषा. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या. सूर्याच्या वर्णपटात लोखंडाच्या रेषा हजारोंनी दिसतात, कॅल्शियमच्या रेषा ठसठशीत. मग सूर्यात लोखंड, कॅल्शियम पुष्कळ असणार, म्हणजे तो जवळजवळ पृथ्वीच्याच द्रव्याचा, फक्त तापलेला, असा मोठ्यामोठ्यांचा समज होता. आम्हां इतिहासवाल्यांना यातला धोका लगेच कळावा. बखरीत ज्याचे नाव शंभरदा येते तो माणूस त्या काळी सर्वांत मोठा होताच असे नाही; बखरकाराची नजर कुणावर होती तेही पाहावे लागते.

ही नजर तपासण्याचे साधन कलकत्त्याच्या मेघनाद साहांनी १९२० साली दिले होते. अमुक तपमानाला आणि अमुक दाबाला अणूंपैकी किती अणू आपला इलेक्ट्रॉन गमावून बसतील, हे साहांच्या समीकरणाने काढता येते. इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूच्या रेषा निराळ्या. म्हणजे एखादी रेषा गडद की फिकट हे फक्त ते मूलद्रव्य किती आहे यावर अवलंबून नाही. त्याचे किती अणू ती रेषा उमटवण्याच्या स्थितीत आहेत यावरही आहे. सूर्याच्या पृष्ठभागाचे तपमान साडेपाच हजार अंशांच्या आसपास. तेवढ्या उष्णतेत हायड्रोजनच्या कोट्यवधी अणूंतला एखादाच दृश्य प्रकाशातली रेषा उमटवू शकतो. आणि तरीही ती रेषा स्पष्ट दिसते! मग एकूण हायड्रोजन असेल तरी किती?

सेसिलियाने हिशेब केला. कॅल्शियम, लोखंड, सिलिकॉन यांचे परस्पर प्रमाण पृथ्वीवरच्यासारखेच निघाले. हायड्रोजन मात्र धातूंच्या सुमारे दहा लाख पट, आणि हेलियमही प्रचंड. म्हणजे तारे दगडमातीचे नव्हेत. ते जवळजवळ सगळेच्या सगळे विश्वातल्या सर्वांत हलक्या दोन वायूंचे आहेत. (दहा लाख हा आकडा आज उतरला आहे, सूर्यात लोखंडाच्या एका अणूमागे हायड्रोजनचे सुमारे तीस हजार असतात. निष्कर्षाला त्याने बाध येत नाही.)

प्रबंधाचा मसुदा शॅप्लींनी प्रिन्स्टनच्या हेन्री नॉरिस रसेल यांच्याकडे पाठवला. ताऱ्यांच्या बाबतीत रसेल म्हणजे त्या काळचे अमेरिकेतले शेवटचे न्यायालय. जानेवारी १९२५ मध्ये त्यांचे उत्तर आले: बाकी सर्व उत्तम, पण हायड्रोजन दहा लाख पट असणे सरळसरळ अशक्य. मग छापील प्रबंधात ते वाक्य आले.

कुणी याला भित्रेपणा म्हणतात. मला ते पटत नाही. परदेशात आलेली, शिष्यवृत्तीवर जगणारी, पुढची नोकरी ज्यांच्या एका पत्रावर अवलंबून आहे त्यांच्यापुढे उभी असलेली पंचवीस वर्षांची मुलगी होती ती. आणि महत्त्वाचे म्हणजे तिने कोष्टकातला आकडा बदलला नाही. वाक्य रसेलसाहेबांचे मानले, कोष्टक आपले ठेवले. पुराव्याशी इमान राखणे याहून वेगळे काय असते? तिने स्वतः मात्र पुढे आयुष्यभर या माघारीचा दोष स्वतःलाच दिला; वडीलधाऱ्यांपुढे आपण मान तुकवायला नको होती, असे ती तरुणांना सांगत राहिली. येथे मी तिच्याशी असहमत आहे, एवढेच.

पुढे इंग्लंडला गेल्यावर तिने एडिंग्टनना हा निष्कर्ष सांगितला. तेव्हा त्यांनी हळूच दुरुस्ती केली, की हा हायड्रोजन ताऱ्यांमध्ये आहे असे नव्हे, ताऱ्यांवर आहे असे म्हणायला हवे. वर्णपट दिसतो तो फक्त वरच्या सालीचा. पोटात काय आहे ते कुणी पाहिले? आक्षेप रसेलांच्या मानाने फारच खोल होता. ताऱ्यांच्या आयुष्याची सगळी कथा या ‘वर’ आणि ‘आत’ यांच्यामध्येच दडलेली आहे, म्हणून येथे थोडे थांबून विचार करू.

एडिंग्टननीच १९२० मध्ये सुचवले होते, की हायड्रोजनच्या चार अणुकेंद्रांचे मिळून हेलियमचे एक होत असेल, तर वस्तुमानातला सुमारे पाऊण टक्का नाहीसा होऊन त्याची ऊर्जा होईल, आणि सूर्य त्यावर अब्जावधी वर्षे जळू शकेल. पण त्याला आत हायड्रोजन हवा! तो भरपूर आहे, हे दाखवणारा पुरावा सेसिलियाचा. रसेल स्वतः वेगळ्या वाटेने १९२९ मध्ये त्याच निष्कर्षाला आले, आणि त्यांनी आपल्या लेखात तिच्या कामाचा उल्लेखही केला; तरी पुष्कळ वर्षे श्रेय त्यांच्याच नावावर राहिले. १९३०च्या दशकात आतही हायड्रोजन मुबलक असल्याचे मान्य झाले आणि १९३९ मध्ये हान्स बेथे यांनी त्या ज्वलनाच्या पायऱ्या मांडल्या.

आज चित्र असे आहे. सूर्य जन्माला आला तेव्हा आतबाहेर एकाच मिश्रणाचा होता. सुमारे तीन चतुर्थांश हायड्रोजन, उरलेला बहुतेक हेलियम. पृष्ठभागावर आजही जवळजवळ तेच प्रमाण आहे. केंद्रात मात्र दीड कोटी अंश तपमानाला ४६० कोटी वर्षे ज्वलन चालू आहे, आणि तेथे हायड्रोजन आता एक तृतीयांशाच्या आसपास उरला आहे. चार कणांचा एक कण झाला की कणांची संख्या घटते, दाब पेलणारे खांदे कमी होतात. वरचा भार गाभ्याला दाबतो, गाभा आक्रसून अधिक तापतो आणि ज्वलन वाढते. म्हणून सूर्य वयाबरोबर मंद होत नाही, उजळत जातो! जन्माच्या मानाने तो आज सुमारे तीस टक्के अधिक तेजस्वी आहे. इंधन संपत आलेली चूल अधिक भडकते हे विचित्र खरे, पण हिशेब असाच आहे.

शेकोटी पुष्कळ वेळ पेटली की मधोमध राख होते आणि जाळ कडेने राहतो, तसेच पुढे होते. केंद्रातला हायड्रोजन संपला, की हेलियमच्या राखेचा गाभा उरतो आणि त्याभोवतीच्या कवचात हायड्रोजन जळू लागतो. गाभा आक्रसतो, बाहेरचा पसारा फुगतो, फुगून थंड होतो, तांबूस दिसू लागतो. हाच तांबडा राक्षसी तारा. रोहिणी अशीच आहे, स्वाती तसाच आहे. सूर्यासारख्या कमी वस्तुमानाच्या ताऱ्यात हा गाभा इतका दाटतो की तपमान दहा कोटी अंशांवर गेल्यावर हेलियम एकदम पेट घेतो. हा भडका बाहेर दिसत नाही. त्याची सगळी शक्ती गाभा सैल करण्यात खर्ची पडते. ताऱ्यांचे सारे महत्त्वाचे प्रसंग असे पडद्याआडच घडतात. नंतर काही काळ हेलियमपासून कार्बन व ऑक्सिजन तयार होत राहतात. त्यापुढचे ज्वलन पेटवण्याइतके वजन या ताऱ्यांत नसते. बाहेरची आवरणे तेजोमेघ होऊन अवकाशात विरतात आणि पृथ्वीएवढा श्वेत बटू मागे उरतो. व्याधाच्या ताऱ्याचा जोडीदार असा एक श्वेत बटू आहे, मात्र तो सूर्याहून मोठ्या ताऱ्याचा अवशेष. राक्षसी ताऱ्यांच्या पोटातले हे गणित १९५५ मध्ये मार्टिन श्वार्झशिल्ड आणि फ्रेड हॉइल यांनी मांडले. हॉइल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू.

आता एडिंग्टनांच्या त्या ‘वर’ आणि ‘आत’कडे पुन्हा वळू. तारा राक्षसी होतो तेव्हा त्याचे बाहेरचे आवरण उकळत्या आमटीसारखे खालीवर घुसळले जाते आणि आतले थोडे द्रव्य वर येते. स्वातीच्या वर्णपटात याची खूण सापडते: सूर्यावर नेहमीच्या कार्बनच्या सुमारे नव्वद अणूंमागे जड कार्बनचा एक असतो, तर स्वातीवर दहाच्या आतच एक. म्हणजे जे आत शिजले ते ‘वर’ वाचता येते. आणि सूर्याच्या एक तृतीयांशाहून कमी वस्तुमानाचे जे तांबडे बटू असतात, ते तर केंद्रापासून पृष्ठभागापर्यंत सतत घुसळत राहतात. त्यांच्यात आत आणि वर असा भेदच राहत नाही. आपल्याला सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा हा असाच आहे, नुसत्या डोळ्यांनी न दिसणारा. हे तारे आपला जवळजवळ सगळा हायड्रोजन वापरतात आणि म्हणून लाखो कोटी वर्षे टिकतात. विश्वाचे वय १३८० कोटी वर्षे. यांतला एकही अजून म्हातारा झालेला नाही.

एडिंग्टन थोर होतेच, पण थोरांचाही अडथळा होतो. १९३० साली मुंबई बंदरातून बोटीने इंग्लंडला निघालेल्या एकोणीस वर्षांच्या चंद्रशेखरने वाटेत गणित मांडले, की श्वेत बटूच्या वस्तुमानाला एक मर्यादा असली पाहिजे. ती सूर्याच्या सुमारे १.४ पट ठरली. १९३५ मध्ये लंडनच्या सभेत त्याची भर सभेत टर उडवली ती याच एडिंग्टननी. रसेलांनी एकीला थांबवले, एडिंग्टननी दुसऱ्याला. दोघेही नंतर बरोबर ठरले.

सेसिलियाबाईंची पुढची वर्षे हार्वर्डमध्येच गेली. प्रबंधाची पदवी रॅडक्लिफ कॉलेजची, कारण हार्वर्ड स्त्रियांना पदवी देत नव्हते. त्या शिकवत, पण वर्षानुवर्षे त्यांच्या तासांची नोंद विद्यापीठाच्या पुस्तकात नसे. पगार वेधशाळेच्या साधनसामग्रीच्या खात्यातून, म्हणजे दुर्बिणी आणि काचांच्या रांगेत बाई! विद्यापीठाचे अध्यक्ष लॉवेल यांनी तर आपण जिवंत असेपर्यंत मिस पेन यांना नेमणूक मिळणार नाही असे सांगून ठेवले होते. १९३३ मध्ये जर्मनीत ग्यॉटिंगेनच्या परिषदेत सर्गेई गापोश्किन हा निर्वासित रशियन खगोलशास्त्रज्ञ त्यांना भेटला. नाझींच्या राज्यात त्याचे काय होणार हे उघड होते. बाईंनी परत जाऊन त्याच्यासाठी व्हिसा आणि काम मिळवले आणि मार्च १९३४ मध्ये त्याच्याशी लग्न केले. तीन मुले झाली. दोघांनी साहाय्यकांसह रूपविकारी ताऱ्यांची लक्षावधी निरीक्षणे केली. ते काम कंटाळवाणे, पण ताऱ्यांची वये ठरवणाऱ्यांना त्याचा मोठा आधार झाला.

१९५६ साली त्या पूर्ण प्राध्यापक झाल्या, आणि मग विभागप्रमुख. हार्वर्डमध्ये विभागाच्या प्रमुखपदी बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. प्रबंधाला तेव्हा एकतीस वर्षे झाली होती. ऑटो स्ट्रूव्ह यांच्यासारख्या जाणत्याने नंतर तो खगोलशास्त्रातला आजवरचा सर्वांत तेजस्वी प्रबंध ठरवला. १९७६ मध्ये अमेरिकन खगोलशास्त्रीय संस्थेने त्यांना आपला सर्वोच्च सन्मान दिला. त्या सन्मानाचे नाव हेन्री नॉरिस रसेल पारितोषिक! बाईंनी तो आनंदाने घेतला.

७ डिसेंबर १९७९ रोजी अमेरिकेतील केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांनी आपले आत्मचरित्र खासगीरीत्या छापून घेतले होते. मुलगी कॅथरीन हिने ते संपादित केले आणि १९८४ मध्ये ते सर्वांसाठी प्रसिद्ध झाले. प्रकाशक होते केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस, म्हणजे ज्या विद्यापीठाने त्यांना पदवी दिली नव्हती त्याचाच छापखाना.